कानेलाचं वेटोळं

१

कासिल्दाचा सकाळचा क्रम ठरलेला होता: आधी अंडी, मग कॉफी, मग पोरगी.

मेरिदा शहराच्या दक्षिण टोकाला तिचं घर होतं आणि घरामागे परसात बिनखिडकीची एक खोली. त्या खोलीत फळ्यांवर एकोणीस डबे होते आणि डब्यांत एकोणीस अजगर. हौसेने पाळतात ती बुटकी, लाजाळू जात. घाबरली की डोकं आत घालून चेंडू करून बसते. कोपऱ्यात बियरचा जुना फ्रीज होता. कासिल्दाने त्याचं थंड करायचं यंत्र काढून टाकून आत तापणारी तार बसवली होती आणि ती त्याला लाडाने ‘दाई’ म्हणायची. काचेच्या दारातून लाल आकडा दिसायचा, साडेएकतीस अंश. तो आकडा जागेवर दिसला की बाईला कॉफी गोड लागायची.

या खेपेला दाईच्या पोटात सहा अंडी होती, कानेला नावाच्या मादीची. अंगाचा रंग दालचिनीचा, म्हणून कानेला. प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर कासिल्दाने पेन्सिलने बारीक फुली काढली होती. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नसतं. जसं पडलं तसंच दोन महिने ठेवायचं. उलटलं की आतलं पिल्लू गुदमरतं.

अंडी आईपाशी ठेवायची नाहीत, हाही अजगरांची पैदास करणाऱ्यांचा एक नियम. अजगरीण अंड्यांभोवती वेटोळं घालते, दोन महिने अन्नाला तोंड लावत नाही, पाठीचा कणा वर येतो. म्हणून पहिल्याच दिवशी वेटोळ्याचा एकेक पदर उलगडून अंडी काढून घ्यायची आणि मग आईला धुवायचं. कोमट पाणी, लहान मुलांचा साबण, मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाचे खवले बोटाने घासून. डबाही धुवायचा. अंगावर अंड्यांचा वास राहिला नाही की ती अंडी विसरते. आठवड्याभरात उंदीर गिळायला लागते, काही झालंच नव्हतं अशा थाटात.

कासिल्दाने अकरा वर्षांत चाळीसेक माद्या अशा धुतल्या होत्या. एकही चुकली नव्हती. आणि खरं सांगायचं तर हा उपाय जनावरांपुरताच राखून ठेवावा असं तिला कधी वाटलं नाही.

२

पोरगी म्हणजे यामिलेत, कासिल्दाच्या धाकट्या भावाची मुलगी. वय वर्षं पाच. भाऊ विल्बेर्त मोटरसायकलच्या अपघातात गेला त्याला सव्वा वर्ष झालं होतं. त्याची बायको नोएमी तेकाशकडच्या खेड्यातली, शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. कासिल्दाला मूल नव्हतं. नवरा होता, तो केव्हाच काढता पाय घेऊन मोकळा झालेला. भावासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, माणसं जेवायला बसली, आणि पानं वाढता वाढताच तिच्या मनाने घेतलं की ही मुलगी आपली. हिने आपल्याला आई म्हणायचं.

तिने घाई केली नाही. आधी नोएमीला चार तासांवरच्या समुद्रकाठी एका हॉटेलात खोल्या झाडायचं काम मिळवून दिलं. “तू कमव, मी सांभाळते.” मग शाळेसाठी म्हणून एका कागदावर सही घेतली, कागद फक्त शाळेचा नव्हता. मग म्हणाली की तू येऊन गेलीस की पोर तीन दिवस रडते, महिन्यातून एकदाच ये. मग तेही तिला जड व्हायला लागलं.

कानेलाने अंडी घातली त्याच दिवशी नोएमी न कळवता आली. यामिलेत शाळेत होती. नोएमी थेट मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. कासिल्दा वेटोळं उलगडत होती आणि कानेला सोडवलेला पदर पुन्हा पुन्हा अंड्यांवर टाकत होती.

“नंतर शोधत नाही का हो ती, ताई?” नोएमीने विचारलं.

“धुतलं की नाही शोधत.”

“आणि नाहीच विसरली तर?”

“अगं, जनावर आहे ते. त्याला काय कळतंय?” कासिल्दाने सहावं अंडं ओलसर भुशीत बसवलं आणि हात पुसले. “बरं झालं आलीस, बोलायचंच होतं. आता येऊ नकोस तू. वर्षभर तरी नको. पोर जरा रुळायला लागते, आणि तू आलीस की सगळं पुन्हा पहिल्यापासून.”

“ताई, ती माझी मुलगी आहे.”

“कागद बघ आणि मग सांग कोणाची आहे ते.”

नोएमी रडली नाही, भांडली नाही. थोडा वेळ अंड्यांकडे बघत उभी राहिली. मग तिने एकच गोष्ट मागितली. मुलीचा एक कपडा, न धुतलेला.

“सगळे सकाळीच धुतले,” कासिल्दा म्हणाली.

हे खोटं होतं, पण नोएमी गेल्यावर तिने ते खरं केलं. मुलीचे फ्रॉक, चादर, भिंतीच्या कड्यांना टांगलेली तिची झोपायची दोऱ्यांची झोळी, आईची म्हणून मुलगी उशाशी घेऊन झोपायची ती जुनी शाल, सगळं दोनदा साबणातून काढलं. संध्याकाळी मुलीला न्हाणीत उभं केलं आणि केसांच्या मुळापर्यंत घासलं.

“आत्या, नको ना गं, दुखतंय!”

“झालंच हं, झालंच,” आत्या म्हणत होती, आणि घासत होती.

३

कानेलाने उंदीर घेतला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. कासिल्दाने तिला पुन्हा धुतलं, मग तिसऱ्यांदा, व्हिनेगरच्या पाण्यानेही. डब्यात ठेवलं की ती एक फेरी मारायची आणि मधोमध जाऊन वेटोळं घालायची.

वेटोळं काय, सगळेच घालतात. पण साप नुसता विसावतो तेव्हा वेटोळं मिटलेलं असतं, मधे जागा राहत नाही. कानेलाचं मिटत नव्हतं. मधे पोकळी राहत होती आणि वरचे पदर कशावर तरी टेकल्यासारखे अधांतरी होते. कासिल्दा बराच वेळ बघत राहिली. ती पोकळी सहा अंड्यांएवढी होती, आणि अंड्यांचा घोस ज्या बाजूला जरा तिरका होता, त्याच बाजूला ती तिरकी होती.

तिने म्हाताऱ्या एफ्राइनला फोन लावला. हा सगळा धंदा ती त्याच्याकडूनच शिकली होती.

“अंगाला सवय राहिली असेल तिच्या,” तो म्हणाला. “परत धू.”

“तीनदा धुतली, मामा.”

“मग चौथ्यांदा धू. तुला दुसरं काय काम आहे? ना नवरा, ना सासू.”

फोन ठेवून तिने वेटोळ्याच्या वरच्या फटीतून बोट आत घातलं. आत ऊब होती, डब्यातल्या हवेपेक्षा जास्त. बोटाला काही लागलं नाही. पण बोट पुढे सरकवताना ते जपून सरकवावं, काही फुटेल, असं तिला वाटलं. या वेडेपणाचं तिला हसू आलं आणि ती मोठ्याने हसली. त्या बंद खोलीत ते हसणं काही बरं वाटलं नाही, तेव्हा तिने डबा लावून टाकला.

घरात यामिलेत रडत होती. ती रोज पाचला रडायची, कारण रोज पाचला नोएमीचा फोन वाजायचा आणि कासिल्दा तो वाजू द्यायची.

४

अंडी उजेडात बघायची रीत सोपी असते. खोलीत अंधार करायचा आणि अंड्याला टॉर्च टेकवायचा. जिवंत अंडं आतून गुलाबी उजळतं आणि लाल शिरांचं जाळं दिसतं. वांझ अंडं नुसतं पिवळं, स्वच्छ. दहाव्या दिवशी कासिल्दाने सहाही पाहिली होती. यामिलेत रडून सुजलेले डोळे घेऊन शेजारी उभी होती आणि दर अंड्याला विचारत होती, “ठेवायचं की टाकायचं, आत्या?” सहाही वेळा आत्या म्हणाली होती, “ठेवायचं.” फोनवर फोटोही काढले होते.

पस्तिसाव्या दिवशी, एका सोमवारी सकाळी, तिने पुन्हा टॉर्च टेकवला. पहिलं अंडं पिवळं उजळलं. शीर नाही, डाग नाही. दुसरं तसंच. सहाही तशीच.

मेलेली अंडी तिला नवीन नव्हती. अंडं मेलं की खचतं, त्यावर बुरशी धरते, दार उघडताच घाण नाकात जाते. ही अंडी पांढरीशुभ्र होती, टणक, माथ्यावर फुली जिथल्या तिथे. कोणी मेल्याची एकही खूण नव्हती. यांच्यात कधी कोणी नव्हतंच, असं ती दिसत होती. तिने फोनमधले दहाव्या दिवसाचे फोटो उघडून पाहिले. फोटोत शिरा होत्या. एकात तर बारीक ठिपका होता, काळजाचा.

टॉर्च खराब असेल. दहाव्या दिवशी आपलीच नजर चुकली असेल. फोटोचं काय, फोटोत काहीही येतं. अशी तिने मनाची समजूत काढली आणि अंडी होती तशी ठेवून दिली.

दुपारी यामिलेत शाळेतून आली. सोमवार म्हणजे मेरिदात घरोघरी काळा घेवडा आणि डुकराचं मांस. एरवी मुलगी मांसाचे तुकडे बशीच्या कडेला लावून ठेवायची. त्या दिवशी तिने बशी साफ केली. पाच वाजून गेले, फोन वाजला नाही, आणि ती रडली नाही. तिने बशी पुढे केली.

“आई, अजून वाढ.”

कासिल्दाच्या हातातला डाव हातातच राहिला. तिने मुलीला ओढून छातीशी धरलं आणि ती आनंदाने हमसून रडली. सव्वा वर्ष ती या एका शब्दासाठी झुरली होती, त्यासाठी तिने काय काय केलं होतं ते तिलाच ठाऊक. सहा अंडी तिच्या डोक्यातून साफ निघून गेली.

५

“काय सुधारलीये हो पोर!” शेजारच्या मिर्नाकाकू संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसल्या की म्हणायच्या. “नाहीतर आधी नुसतं रडगाणं. आमच्या नातवंडांना पाठवू का तुमच्याकडे वळण लावायला?”

“पाठवा की. एकेकाला धुऊन काढते,” कासिल्दा म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

हसण्यासारखं होतंही. यामिलेत सांगितलं ते करायची, वाढलं ते खायची. गल्लीत कुरकुरीत गोड गुंडाळ्या विकणारी गाडी आली, सगळी पोरं धावली, तरी ही उंबऱ्यात उभी राहून बघायची आणि काही मागायची नाही. शाळेतल्या बाईंनी वहीत लाल चांदणी दिली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वजन सतरा किलो, ठणठणीत आहे.

एप्रिल लागला होता, भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. एक दिवस कासिल्दा मुलीची वेणी घालत होती. शाळेतून, उन्हातून, धुळीतून आलेलं पोर. तिने सहज डोक्याला नाक लावलं. घामाचा वास नाही, धुळीचा नाही, पोरांच्या डोक्याला येतो तो आंबूस वास नाही. साबणाचा येत होता. न्हाऊन चार दिवस झाले होते.

मग तिला झोळी ऐकू येईनाशी झाली. झोळीत माणूस हलला की भिंतीतलं कडं करकरतं. या घरात जन्मापासून तिला त्या आवाजात झोप लागत आली होती. यामिलेत दुपारी झोळीत पडून पाय हलवत होती, झोळी झुलत होती, आणि कडं गप्प होतं. ती उठून गेल्यावर कासिल्दा स्वतः झोळीत बसली. करकरलं. दुकानातून आणलेला तांदूळ तिने पोत्यात भरला, सतरा किलो मोजून, आणि पोतं झोळीत ठेवून झोका दिला. करकरलं.

पोतं उतरवता उतरवता तिला आठवलं. धुवायचं असतं ते आईला. अंडं कोणी धुतं का? अकरा वर्षं हेच केलं, हेच दुसऱ्यांना शिकवलं, आणि जिथे सगळ्यात महत्त्वाचं होतं तिथेच उलटं केलं. तिने घासलं होतं पोरीला. नोएमी तशीच गेली होती, न धुतलेली, हाताला, केसांना पोरीचा वास घेऊन.

“काय डोक्यात येतं तरी,” ती स्वतःशीच पुटपुटली. तिने पोतं उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

६

एकसष्टावा दिवस शनिवारी आला. भर दुपार होती. कासिल्दाने मागच्या खोलीचं दार उघडलं, दिवा लावला. दाईचा आकडा साडेएकतीस.

सहाही अंडी चिरली होती. पिल्लू आतून नाकाच्या टोकाने चिरतं तशीच, बारीक, सरळ चीर, कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या. फुल्या जागेवर होत्या. तिने एक अंडं उचललं. त्याला वजनच नव्हतं. चीर फाकवून पाहिलं. आत ओल नाही, बलक नाही, धुऊन वाळवलेल्या कापडासारखं कोरडं. फ्रीजचं दार बंद होतं आणि आत एकही पिल्लू नव्हतं.

तेवढ्यात पाठीमागे खरवडल्यासारखा आवाज झाला.

ती कानेलाच्या डब्याकडे वळली. पारदर्शक भिंतीपलीकडे ते वेटोळं होतं, दोन महिने होतं तसंच. त्याच्या पदरांमधून लहान लहान तोंडं बाहेर आली होती. ओली, दालचिनीच्या रंगाची. एकाने जीभ काढून हवा चाटली. कासिल्दाला ती मोजता आली नाहीत. पापणी लवली आणि तिथे नुसते खवले होते.

तिने झाकण काढलं. कानेलाने डोकं वर केलं, तिच्याकडे पाहिलं आणि आपणहून वेटोळं सोडलं. मधे काही नव्हतं. ती सावकाश पाण्याच्या वाटीशी गेली, भरपूर पाणी प्यायली. कासिल्दाने काय करावं न सुचून उंदीर पुढे केला. कानेलाने तो झडप घालून घेतला. मग दुसराही.

“आई.”

यामिलेत उंबऱ्यात उभी होती. ती आत आली, दार लोटून घेतलं, दिवा मालवला आणि फळीवरचा टॉर्च काढून लावला. सगळ्याच पोरांचा हा खेळ असतो. टॉर्चवर हात धरायचा आणि बोटं लाल झालेली बघून खिदळायचं. यामिलेतने तळहात टॉर्चवर ठेवला.

हात पिवळा उजळला. पाचही बोटं, मनगट, कोपरापर्यंत, पिवळं आणि स्वच्छ. त्यात हाड नव्हतं. एकही रेघ नव्हती.

मुलगी खिदळली नाही. तिने मान वर करून आज्ञाधारकपणे विचारलं, “ठेवायचं की टाकायचं?”

७

कासिल्दाने तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात आणलं, टेबलाशी बसवलं, पुढ्यात होतं ते सगळं वाढलं आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत आली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने नोएमीचा नंबर लावला.

“ताई! तुम्ही?” नोएमीला धाप लागली होती, पण आवाज हसरा होता. मागे झोळीचं कडं करकर वाजत होतं आणि एक मूल भोकाड पसरून काहीतरी मागत होतं. मधेच खोकलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तो आवाज कासिल्दाने हजारांत ओळखला असता.

“कोण रडतंय तिथे?” तिने विचारलं.

“कोण रडणार? सकाळपासून हट्ट चाललाय. थांब गं सोने, फोनवर आहे ना मी.”

कासिल्दाने दारातून पाहिलं. यामिलेत ताठ बसून जेवत होती. चमच्याचा आवाजसुद्धा होत नव्हता.

“नोएमी, ऐक. मी हिला घेऊन येते. आजच निघते. कागद फाडून टाकते, तू म्हणशील तिथे सही देते. तुझ्या पाया पडते मी, पण...”

“कशाला उगाच, ताई?” नोएमी चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. “तुमच्याकडची जेवते ना नीट?”

“जेवते.”

“रडत नाही ना?”

“नाही.”

“आई म्हणते?”

कासिल्दाने स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.

“मग? हेच हवं होतं ना तुम्हाला?”

“एकदा फोन दे तिच्याकडे. एकदाच. तुझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ आहे तुला.”

मग फोन हातातून हातात गेला. जड श्वास ऐकू आला, नाक वर ओढल्याचा आवाज आला.

“यामी,” कासिल्दा म्हणाली. “बाळा, मी गं. मी आत्या. ओळखलंस ना मला?”

पलीकडे मूल नीट ऐकत होतं. मग त्याने तोंड फोनपासून बाजूला केलं.

“आई, कोण बाई आहे ही? मला नाही बोलायचं हिच्याशी.”

फोन बंद झाला. कासिल्दाने पुन्हा लावला, परत लावला, दहादा लावला. तो वाजत राहिला आणि पलीकडे कोणी उचलला नाही.

स्वयंपाकघरातून हाक आली, गोड, बिनतक्रारीची, ऐकू जाईल एवढ्याच मोठ्या आवाजात.

“आई, वाढतेस ना?”

कासिल्दाने झग्याच्या बाहीने डोळे पुसले. तिने पोटच्या पोरीसारखा जिला जीव लावला, ती आता तिला ओळखत नव्हती. घरात जेवायला बसलेलं तेवढं एकच माणूस होतं आणि ते तिला आई म्हणत होतं. ती उठली आणि वाढायला गेली.